लेथवर लाकूड पोखरायची हत्यारे घरी बनवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एक एचपीचा लाकूडकामाचा लेथ (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) आहे. लाटणी, वाडगे, मेणबत्तीचे स्टँड हे सगळे हातात बसले आहे. आता शिसमाच्या ओंडक्यातून फुलदाणी काढायची आहे. आतली खोली २०० मिमी, तोंड ४० मिमी, पोट फुगीर. पोखरायची तयार हत्यारे बाहेरून मागवायची तर खर्च झेपत नाही. घरात जुन्या मोठ्या कानशी पडून आहेत. त्यांचे दात घासून टोकाला धार लावली तर चालेल का?

कानस वापरू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण हा सल्ला अनेक वर्षे तोंडातोंडी फिरतो आहे आणि तो धोक्याचा आहे. कानशीचे पोलाद कडक पाणी दिलेले (तापवून, एकदम गार करून कडक केलेले) असते, त्यामुळे ते घासते उत्तम, पण त्याला वाकणे माहीत नसते. दात घासून काढले तरी खाचांची मुळे राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या) पुढे २०० मिमी बाहेर काढलेल्या कानशीला लाकडाने एक झटका दिला, की ती काचेसारखी तुटते आणि तुकडा तुमच्या तोंडाच्या दिशेने येतो. मागची निमुळती शेपटी, जी मुठीत जाते, ती तर आणखी बारीक. बाहेरच्या अंगाला, टूलरेस्ट अगदी लाकडाला चिकटवून कोणी कानशीचा स्क्रेपर (खरवडायचे हत्यार) वापरत असेल तर तो वेगळा विषय. खोल पोखरायला ती नको.

घरी हत्यार बनवता येईल का, याचे उत्तर मात्र ठाम हो आहे, आणि त्यात कसलीही तडजोड नाही. या कामातली उत्तम हत्यारे मुळात कारागिरांनी स्वतःसाठीच घडवलेली आहेत. इंग्लंडमधल्या बकलबरीचे जॉर्ज लेली पायाने चालवायच्या लेथवर एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. त्यासाठी लागणारी आकडीसारखी वाकडी हत्यारे ते स्वतः भट्टीत ठोकून घडवायचे. १९५८ साली ते गेले, त्यांचा लेथ आज रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात आहे. अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात चिंचोळ्या तोंडाची, पातळ भिंतीची भांडी कातायला सुरुवात केली. आत काय चालले आहे ते दिसत नाही, फक्त आवाज आणि हाताला लागणारा अंदाज. त्यासाठी लागणारी वाकडी हत्यारे त्यांनीही स्वतःच तयार केली. आपल्याकडे कुंकवाचे करंडे आणि डब्या कातणाऱ्या कातारींची हत्यारेही लोहारासमोर बसून, आपल्या हाताच्या मापाने करून घेतलेली असायची.

आता कामाचे बोलू. या हत्यारात सगळ्यात जास्त विचार दांड्याचा करायचा असतो. बहुतेक जण सगळा वेळ आणि पैसा टोकावर घालतात, कोबाल्टचा बिट (टोकाला बसवायचा कापणारा तुकडा) घ्यावा की कार्बाइडचा यावर महिनाभर चर्चा करतात, आणि शेवटी ते टोक १२ मिमीच्या सळईला बसवतात. मग हत्यार थरथरते, आतल्या भिंतीवर लाटा उठतात आणि दोष धारेला दिला जातो.

सळई टूलरेस्टच्या पुढे जितकी बाहेर असेल त्या लांबीच्या घनाच्या पटीत ती वाकते. लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट. उलट जाडी वाढवली की चौथ्या घाताच्या पटीत वाकणे कमी होते. तुमच्याच फुलदाणीचे गणित मांडून बघा. खोली २०० मिमी, टूलरेस्ट आणि तोंड यांच्यात ३० मिमी, म्हणजे २३० मिमी सळई अधांतरी. टोकावर १० किलोचा भार आला तर १२ मिमीची सळई टोकाशी २ मिमी खाली जाते, १६ मिमीची ०.६ मिमी आणि २० मिमीची फक्त पाव मिमी. भिंत ५ मिमी जाड ठेवायची आहे आणि टोक २ मिमी वरखाली होते आहे, अशा स्थितीत कितीही चांगली धार असली तरी काही उपयोग नाही. झटका बसतो तेव्हा भार १० किलोच्या कितीतरी वर जातो, हेही धरून चाला.

इथे एक गैरसमज दूर करतो. दांड्यासाठी ईएन-२४ किंवा तसले महाग पोलाद घेतले, त्याला पाणी देऊन कडक केले, तर तो कमी वाकेल असे वाटते. तसे होत नाही. साधे माइल्ड स्टील असो की मिश्र पोलाद, कडक केलेले असो की मऊ, त्यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग पोलाद कायमचे वाकडे व्हायला जास्त जोर लागतो एवढाच फरक. तेव्हा साधा एमएस (माइल्ड स्टीलचा) ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत सळई, घ्या आणि वाचलेले पैसे जाडीत घाला. गोल सळईचे वजन काढायची फॅब्रिकेशनवाल्यांची रीत तुम्हाला माहीत असेल, मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. २० मिमीची सळई मीटरला सुमारे २.४७ किलो भरते, अर्धा मीटर तुकडा सव्वा किलोच्या आत येतो. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, किंवा जवळच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडे कापलेले तुकडे किलोवर मिळतात. बांधकामाची टीएमटी सळई नको, तिच्या बरगड्या टूलरेस्टवर अडकतात आणि हत्यार सरकत नाही. भंगारातला गाडीच्या शॉकअब्सॉर्बरचा रॉड सरळ आणि गुळगुळीत असतो, पण त्याचा पृष्ठभाग इतका कडक असतो की साधे ड्रिल त्यावर फिरत राहते. डिकीचे झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे मात्र कधीही कापू नका, त्यात मोठ्या दाबाने वायू भरलेला असतो.

माझा ठोकताळा असा: टूलरेस्टपुढे १०० मिमीपर्यंत १२ मिमीची सळई, १७५ पर्यंत १६ ची, २५० पर्यंत २० ची. त्यापुढे २५ मिमी. तुमच्या कामाला २० मिमी लागेल आणि इथेच ४० मिमीचे तोंड आडवे येते, त्याकडे नंतर येतो.

पहिले हत्यार हे बनवा. २० मिमी जाड, ५०० मिमी लांब ब्राइट बार. टोकाला ६ मिमीचा गोल हायस्पीड स्टीलचा (तापले तरी कडक राहणाऱ्या पोलादाचा) बिट, सळईच्या रेषेशी ४५ अंशांवर, डावीकडे तोंड केलेला. चौकोनी बिट सहज मिळतो, पण त्यासाठी गोल भोक पाडायचे तर कर्णाचे माप धरावे लागते. पाव इंची चौकोनी बिटला ९ मिमीचे भोक लागते, म्हणजे सळईच्या टोकाचा बराच भाग जातो. गोल बिट घेतला की ६ चे भोक पुरते. एम-२ जातीचा बिट बहुतेक लाकडांना पुरेसा आहे. सागवान जास्त कातणार असाल तर ५ टक्के कोबाल्टवाला एम-३५ घ्या, कारण सागात सिलिका असते आणि ती धार खाते.

भोक पाडताना घाई करू नका. सळईच्या टोकापासून १२ मिमीवर, जिथे ड्रिल टेकणार तिथे कानशीने आधी छोटा सपाट भाग करा. तो भाग सळईशी ४५ अंशांत कललेला असावा, म्हणजे ड्रिल त्यावर काटकोनात बसेल. तिरक्या गोल पृष्ठभागावर ड्रिल थेट टेकवले तर ते घसरते आणि बारीक ड्रिल मोडते. सेंटर पंच मारा, सळई व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात) पक्की धरा, आधी ३ मिमीचे भोक आरपार, मग ६ चे. भोक सळईच्या मध्यरेषेतून गेलेच पाहिजे. बाजूला सरकले तर बिटचे टोक अक्षाच्या वर किंवा खाली येईल आणि त्याचा त्रास प्रत्येक कामात होत राहील. त्यानंतर सळईच्या टोकाच्या चपट्या तोंडावरून, सळईच्या लांबीच्या दिशेने, ४.२ मिमीचे भोक त्या तिरक्या भोकाला मिळेपर्यंत पाडा आणि त्यात एम-५ चे (५ मिमी व्यासाच्या स्क्रूचे) आटे टॅपने पाडा. टॅप फिरवताना तेल हवे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. या आट्यातून ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) आत जातो आणि बिटला घट्ट दाबतो. ज्या जागी स्क्रू दाबतो तिथे बिटवर ग्राइंडरने इवलासा सपाट भाग करून ठेवा. तसे केले नाही तर बिट भोकात फिरतो, शिवाय स्क्रूने उठवलेल्या खुणेमुळे पुढे तो बाहेरच निघत नाही. घरी ड्रिलिंग मशीन नसेल तर हे एवढे काम लेथवाल्याकडून करून घ्या. चित्र काढून, मापे टाकून द्या, त्याच्या दृष्टीने हे किरकोळ काम आहे.

बिट बाहेर १० ते १२ मिमी ठेवा, जास्त नको. टोकाच्या वरच्या अंगाचा अर्धा भाग घासून सपाट करा, म्हणजे धार बरोबर सळईच्या मध्यरेषेवर येते. पुढचा आकार अंगठ्याच्या नखासारखा गोल, आणि धारेखाली १५ ते २० अंशांचा उतार. टोक अरुंद राहू द्या. रुंद धार एका वेळी जास्त लाकूड पकडते आणि तितकाच जोराचा झटका देते. खोल पोखरताना ६ मिमीच्या गोल टोकाने जे काम शांतपणे होते ते २० मिमी रुंद स्क्रेपरने होत नाही. हायस्पीड स्टील घासताना निळे पडले तरी घाबरू नका, त्याची कडकपणा धरून ठेवायची ताकद ५०० अंशांच्या वर जाते. उलट लालभडक झालेला बिट पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. शेवटी सळईचे टोक खालच्या बाजूने कानशीने गोलसर करा, नाहीतर फुलदाणीच्या आतल्या वळणावर धारेऐवजी सळईच घासत राहते.

बिट सळईला वेल्ड करू नका, सांध्यालगत तडकतो. ग्रब स्क्रू नको असेल तर अराल्डाइटने चिकटवता येतो. बदलायच्या वेळी सळईचे टोक थोडे तापवले की इपॉक्सी सुटते.

दुसरे हत्यार तसेच, फक्त बिट सळईच्या सरळ रेषेत. तळाला आणि सुरुवातीच्या खोदाईला हे लागते. या दोन हत्यारांनी बरेच काम होते. तिसरे, राजहंसाच्या मानेसारखे वाकडे, त्याच्याबद्दल नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीची हत्यारे बनतात.

फुलदाणीचे तोंड अरुंद आणि खांदा रुंद असेल तर खांद्याच्या आतल्या बाजूला सरळ हत्यार पोचत नाही, म्हणून सळई वाकवावी लागते. नुसती एका बाजूला वाकवली, की टोक सळईच्या रेषेपासून ३०-४० मिमी बाजूला जाते. लाकूड टोकाला खाली ढकलते आणि ते अंतर पान्याच्या दांड्याचे काम करते. सळई तुमच्या मुठीत फिरते, टोक खाली जाते आणि भिंतीत घुसते. १० किलोचा भार ४० मिमी बाजूला पडला, तर ३० मिमी जाडीची मूठ न फिरू देण्यासाठी हाताला किती आवळावी लागेल याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून सळई आधी एका बाजूला आणि मग परत उलट वाकवायची, अशी की बिटचे टोक पुन्हा सळईच्या मूळ सरळ रेषेवर येईल. सपाट फरशीवर पट्टी ठेवून तपासा, पट्टी सळईच्या मध्यावरून धरली तर पुढे बरोबर धारेवर आली पाहिजे. आणि दुसरी अट तितकीच महत्त्वाची. टूलरेस्टवर नेहमी सळईचा सरळ भागच टेकला पाहिजे. वाकडा भाग टूलरेस्टवर आला की टेकू बाजूला सरकतो आणि वाकवताना साधलेला सगळा तोल गेला. बाक पूर्ण आत गेल्याशिवाय लेथ चालू करायचा नाही.

१६ मिमी किंवा त्याहून जाड सळई गार वाकवू नका. लोहाराच्या भट्टीत किंवा गॅस टॉर्चने नारिंगी होईपर्यंत तापवून, जाड पाइपाला आडवी लावून हळूहळू वाकवा. बिटचे भोक वाकवल्यानंतर पाडा, आधी पाडले तर तापलेली सळई त्या भोकाशीच दुमडते.

कार्बाइडबद्दल विचारतात म्हणून सांगतो. स्क्रूने बसणारी गोल कार्बाइड चकती सोयीची आहे, धार गेली की थोडी फिरवायची. पण लोखंड कातायच्या नेहमीच्या सीसीएमटी चकत्या लाकडावर चालत नाहीत. त्यांची धार मुद्दाम थोडी बोथट केलेली असते, लाकूड कापण्याऐवजी त्या घासतात आणि तंतू उपटतात. ॲल्युमिनियमसाठी मिळणाऱ्या, घासून चकचकीत केलेल्या चकत्या (सीसीजीटी, आरसीजीटी या नावांनी) चालतात, किंवा लाकडासाठीच बनवलेल्या घ्या. चकतीसाठी सळईवर जी पायरी कापाल ती अगदी सपाट हवी. खाली कचरा किंवा उंचवटा राहिला तर स्क्रू आवळतानाच चकती तडकते.

स्वतः टोक घडवायची हौस असेल तर ओएचएनएस पोलादाचा (तेलात बुडवून कडक होणाऱ्या पोलादाचा) तुकडा घ्या. ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचे. घरी पारख सोपी आहे, तापलेल्या तुकड्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले की त्याहून थोडे वर न्यायचे. मग लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर. याला हायस्पीड स्टीलइतका दम नाही, ग्राइंडरवर निळे पडले की पाणी उतरले म्हणून समजा, पण धार फार गोड लागते.

मूठ लांब हवी. टूलरेस्ट हा टेकू आहे, पुढची बाजू २३० मिमी. मागे ६०० मिमी असेल तर टोकावरचे १० किलो हाताला ४ किलोच्या आत वाटतात, मागे २५० च असेल तर ९ किलो. लाकडी मूठ करायची तर धामण किंवा बाभूळ, तोंडाशी लोखंडी नाहीतर पितळी कडे. मला स्वतःला पाइपाची मूठ आवडते. पाऊण इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) पाइपात २० मिमीची सळई थोड्या सैलपणाने बसते. पाइपाचा पत्रा अडीच मिमीच्या जेमतेम वर, त्यात एम-८ चे दोनच आटे पकडतात, म्हणून भोकावर एम-८ चा नट वेल्ड करायचा आणि त्यातून ग्रब स्क्रू आवळायचे, एका रेषेत दोन. पाइप काळा घ्या, जीआय नको, जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि तो धूर छातीत बसतो. पाइपाच्या उरलेल्या पोकळीत कोरडी वाळू भरून लाकडी गुडदी ठोका, थरथर बरीच शोषली जाते. वरून सायकलची जुनी ट्यूब चढवली की पकड छान येते. एकाच मुठीत तिन्ही सळया आलटून पालटून बसवता येतात, हा आणखी एक फायदा.

आता तुमचे ४० मिमीचे तोंड. त्यात २० मिमीची सळई आणि १० मिमी बाहेर आलेला बिट, म्हणजे ३० गेले. ढलप्या बाहेर यायला जागाच राहत नाही, आणि वाकडे हत्यार तर आत जाणारच नाही. त्यामुळे पहिल्या फुलदाणीला तोंड ६० ते ६५ मिमी ठेवा, आत मोकळेपणी काम करा, आणि शेवटी वेगळ्या लाकडाची कडी कातून तोंडात चिकटवा. हळदूची पिवळी कडी शिसमावर सुंदर दिसते. नावाजलेले कारागीरही हे करतात, यात लपवाछपवी काही नाही.

वापरताना काही गोष्टी हाताशी ठेवा. फुलदाणीत तंतू लेथच्या अक्षाच्या दिशेने असतात, त्यामुळे आत मध्यापासून बाहेरच्या भिंतीकडे कापत यायचे. वाडग्यात तंतू आडवे असतात म्हणून तिथे काठाकडून मध्याकडे जातो, ती सवय इथे सोडावी लागते. आधी मधोमध २५ मिमीचे भोक पाडा, तळाला १५ मिमी राहील इतके. यामुळे खोलीही पक्की होते आणि मध्याला, जिथे लाकडाला वेगच नसतो, तिथे हत्याराने झुंजावे लागत नाही. धार मध्यरेषेवर किंवा केसभर वर असावी. आतल्या बाजूला मध्यरेषेच्या वर असलेले टोक झटक्याने खाली गेले तर भिंतीपासून सुटते, खाली असलेले टोक मात्र भिंतीत घुसते. बाहेरून स्क्रेपर चालवताना हेच उलट असते.

एकदम तळापर्यंत जाऊ नका. वरचे ४० मिमी आतून पूर्ण करा, हव्या त्या जाडीला आणा, मग पुढचे ४०. खालचे लाकूड भरीव असते तोवर वरच्या भिंतीला आधार असतो. नंतर पातळ झालेल्या भिंतीकडे परत गेलात तर ती हत्याराखाली लवते आणि किंचाळते. १५० मिमी व्यासाला ५०० ते ७०० फेरे पुरेत. आवाजाकडे कान ठेवा. धार नीट कापत असते तेव्हा सळसळ सलग येते आणि तोंडातून बारीक कुरळ्या ढलप्या पडतात. धार गेली की नुसता भुगा येतो आणि हत्याराला जोर लावावासा वाटतो. जोर लावायची इच्छा झाली की लेथ बंद करून बिटला धार करा. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो, आणि थोड्याच दिवसांत कानाला अंदाज येऊ लागतो.

ढलप्या आत साठू देऊ नका. अरुंद तोंडाच्या भांड्यात त्या हत्याराभोवती गच्च होतात आणि सळई धरून ठेवतात. दर थोड्या वेळाने लेथ पूर्ण थांबवून साफ करा. फिरत्या भांड्यात बोट कधीही घालू नका, सँडपेपर धरूनही नाही. हातमोजे, ओढणी, सैल बाही लेथजवळ नको. डोळ्यांना साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारे शील्ड हवे. शिसमाची धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, तेव्हा चांगला मास्क लावा.

२०० मिमीहून उंच तुकडा नुसत्या चकवर (लाकूड पकडणाऱ्या लेथच्या जबड्यावर) टोकाला डुलतो. १८ मिमी प्लायवुडची चौकट आणि स्केटिंगची तीन चाके घेऊन स्टेडी रेस्ट बनवा, ती लाकडाला बाहेरून तीन ठिकाणी टेकते. चकमध्ये पकडायची गुडदी (तुकड्याच्या तळाशी ठेवलेला गोल खुंट) ६० मिमी व्यासाच्या खाली नको. जाडी मोजायला दुकानातले कॅलिपर आत पोचत नाही. ४ मिमीची ताठ तार वाकवून दोन्ही टोके समोरासमोर आणा, त्यांच्यातले अंतर हव्या त्या जाडीपेक्षा १० मिमी जास्त ठेवा. एक टोक आत, एक बाहेर, आतले टोक भिंतीला टेकवले की बाहेर दिसणारी फट १० मिमी भरली पाहिजे. जास्त दिसली तर भिंत पातळ झाली, कमी दिसली तर अजून लाकूड काढायचे आहे.

यापुढची पायरी म्हणजे मूठ हाताने धरण्याऐवजी लेथच्या मागे लावलेल्या चौकटीत अडकवणे. सळई मागेपुढे, डावीउजवीकडे सरकते, पण फिरू शकत नाही, झटका चौकट घेते. त्यावर लेसर पॉइंटर बसवून त्याचा ठिपका धारेपासून भिंतीच्या जाडीइतका बाहेर लावला, की ठिपका भांड्याच्या कडेवरून खाली पडला म्हणजे जाडी झाली. २५० मिमीहून खोल भांडी करू लागलात की ते बनवा. आत्ता नको, आधी हाताला लाकडाचा धक्का ओळखू द्या.

शिसमाचा ओंडका तूर्त बाजूला ठेवा. वखारीतून आंब्याचा ओला तुकडा आणा, ८० मिमी खोल आणि ७० मिमी तोंडाचे एक साधे भांडे सरळ आणि ४५ अंशांच्या हत्याराने पोखरा. झाले की करवतीने उभे मधून चिरा आणि दोन्ही भिंतींची जाडी वरपासून खालपर्यंत मोजा. खांद्याखाली आणि तळाच्या वळणावर ती बदललेली दिसेल. त्या जागा पेन्सिलने खुणावून ठेवा आणि दुसरे भांडे करताना ती फाक लेथशेजारी, नजरेसमोर उभी करा.